रेसवरचा पाय

"वस्ताद, मला सोडताय का नाही, तेवढं एकदा सांगून टाका."

रोहिदास भिलारेनं हातातलं फडकं न ठेवताच विचारलं.

दस्तगीर वस्ताद शेडच्या दारात उन्हाला पाठ देऊन बसले होते. त्यांनी बशीत कोरा चहा ओतला. फुंकर मारली. प्यायला.

"तुला धरलंय कुणी?"

"तसं नव्हे हो… तुम्हाला कळतंय मी काय म्हणतोय ते."

कळत होतंच. पाचगणीत, आणि घाट उतरून खाली वाईपर्यंत, मेकॅनिक तयार झाला हे कुठल्या कागदावरून ठरत नसे. दस्तगीर वस्ताद चार गिऱ्हाइकांपुढं म्हणायचे, "ह्याला मी सोडला." एवढं म्हटलं की त्या माणसानं कुठंही गॅरेज टाकावं, गाड्या आपल्या पायानं चालत यायच्या. नाही म्हटलं, तर नवीन पत्र्याखाली माश्या मारत बसायची पाळी.

रोहिदासला वस्तादांकडं बारा वर्षं झाली होती. वाईत त्यानं जागा घेतली होती, पाटी रंगवून झाली होती, येत्या सोमवारचा मुहूर्त होता. बायकोनं तर माहेरच्या झाडून सगळ्यांना सांगूनही टाकलं होतं. आणि वस्ताद अजून ते तीन शब्द बोलले नव्हते.

"ती लाल गाडी झाली?" वस्तादांनी विचारलं.

रोहिदासनं मान दुसरीकडं केली.

लाल गाडी पेरीनबाईंची. टेबललँडच्या वाटेवर त्यांचा बंगला. बाई एकाहत्तर वर्षांच्या, एकट्या, आणि गाडी त्यांच्या मिस्टरांनी हौसेनं परदेशातून आणलेली. दोन दरवाजांची, जमिनीला पोट टेकल्यासारखी बुटकी, चाळीस-पंचेचाळीस वर्षांची शर्यतीची गाडी. तेव्हाच्या गाड्यांना कार्बोरेटर असायचा. हिला नव्हता. हिच्यात एकेका सिलिंडरला एकेक इंजेक्टर, तोच बारीक पिचकारीनं पेट्रोल मारायचा. आणि हे सगळं नुसत्या लोखंडावर आणि रबरी नळ्यांवर. कॉम्प्युटर नाही. म्हणजे रोहिदासनं घेतलेला स्कॅनर लावायलाही जागा नाही.

दुखणं एवढंच होतं. सकाळी थंडीत पहिल्यांदा चालू केली की गाडी झटक्यात चालू व्हायची, आणि रेसवरचा पाय काढला की बंद. पाच मिनिटं रेस देऊन गरम केली की मग दिवसभर हूं नाही की चूं नाही.

नऊ दिवस झाले होते; मधल्या रविवारी तेवढी बाई गाडी घेऊन गेल्या होत्या. रोहिदासनं प्लग बदलले. इंजेक्टर धुतले. पंपाचा दाब मोजला. हवेचा स्क्रू वाढवून बघितला, तर गरम झाल्यावर गाडी उभ्या जागी बोंबलायला लागली. परत कमी केला.

"वस्ताद, माझं ऐका. ते इंजेक्टर आणि त्या नळ्यांचं जंजाळ काढून टाकू. साधा कार्बोरेटर बसवतो, दोन दिवसांत गाडी हातात. बाईंना मी विचारलंय, त्या हो म्हणाल्यात."

"असं काय?"

"हो."

"पोराला सकाळचा ताप येतोय. डॉक्टरला कळंना कशानं. म्हणून काळीज काढून दुसऱ्याचं बसवायचं."

रोहिदास फडक्यानं बोटं पुसायला लागला.

"बाई घाटानं जातात न्हवं, बहिणीकडं?" वस्तादांनी बशी खाली ठेवली. "सकाळी सातला निघतात. बंगल्यापासनं घाटाचं तोंड किती लांब? गाडी गरम व्हायच्या आधी उतार सुरू."

"हो. मागच्या रविवारी वळणावर क्लच दाबला आणि बंद पडली म्हणत होत्या. मागं ट्रक होता. ब्रेकपण दगडासारखा झाला."

"इंजिन मेलं की ब्रेक कडक व्हणारच. मग तू काय सांगितलंस त्यांना?"

"सांगितलं की… काम होईपर्यंत रेसवरनं पाय उचलू नका."

वस्तादांनी मान वर केली.

"उतारावर?"

रोहिदासनं मान खाली घातली.

"एकाहत्तर वर्षांच्या बाईला, घाटाच्या उतारावर, रेसवर पाय ठेवायला सांगितलंस."

रोहिदासनं फडकं खांद्यावर टाकलं.

"ह्या रविवारी त्या परत जाणार," वस्ताद म्हणाले. "तवर गाडी आपल्या जिवावर चालू राहिली तर बोलू. कार्बोरेटरचं नाव काढायचं न्हाई."

*

बुधवारी सकाळी वस्ताद लवकर आले. रोहिदास गाडी उन्हात काढायला निघालाच होता. रोज तो तेच करायचा. आठ वाजता शेड झाडायचा, त्यासाठी गाडी बाहेर काढायची, उदबत्ती लावायची, चहा घ्यायचा, आणि दहा-अकराला निवांत बॉनेट उघडायचं.

"थांब. कालपासनं हिला हात लागलाय?"

"नाही. रात्रभर उभी आहे."

वस्तादांनी बॉनेटवर तळवा ठेवला. मग दोन बोटांनी दार उघडून ते आत वाकले, खाली काहीतरी खुडबुड केली, आणि कमरेवर हात ठेवून हळूहळू सरळ झाले.

"बस. चालू कर, आणि पाय सोड."

"मी तुम्हाला मला सोडा म्हणतोय, आणि तुम्ही मला पाय सोड म्हणताय," रोहिदास हसला.

वस्ताद हसले नाहीत.

रोहिदासनं चावी फिरवली. इंजिन भुर्र करून उठलं. मग आवाज खाली यायला लागला. अंगाला कंप सुटल्यासारखी गाडी थरथरली, आणि पुन्हा वर चढली. पुन्हा खाली, पुन्हा वर.

"पाय काढ म्हणलं न्हवं?"

"काढलाय की!"

"रेस देतोयस."

"नाही हो वस्ताद. पाय लावलेलाच नाही."

"शपथ?"

"शपथ. हा बघा."

त्यानं पाय वर उचलून दाखवला. इंजिन खाली बसायला लागलं तसा पाय आपसूक खाली आला. त्याला कळलंही नाही.

वस्तादांनी आत हात घालून चावी बंद केली.

"खाली बघ."

रोहिदासनं वाकून बघितलं. रेसच्या पेडलखाली लालभडक लगदा झाला होता. बुटाच्या टोकालाही लागला होता.

"हे काय?"

"स्ट्रॉबेरी. तुझ्याच भिलारची. पेडलखाली ठिवली हुती. पाय लागला नसता, तर तशीच असती."

रोहिदासचे कान तापले. तो बाहेर आला आणि बुटाचं टोक गवतावर घासायला लागला.

"अहो, बंद पडत होती म्हणून… आपोआप गेला पाय. माझ्या हातात गाडी बंद पडलेली नाही आजपर्यंत. बारा वर्षांत एकदाही नाही. कुणालाही विचारा."

"ठाऊक हाय मला."

"मग?"

"मग काय… गालिचा पूस. बाई तोंडाचा पट्टा सोडतील."

"आणि गाडी? परत लावून बघू ना, आता पाय धरून ठेवतो."

"आता ती थंड न्हाई."

"दोन मिनिटं तर चालली!"

"थंडी दिवसातनं एकदाच घावती. आजची तू खाल्लीस."

वस्ताद वळून दुसऱ्या गाडीकडं गेले.

*

गुरुवारी वस्तादांनी त्याला गाडीत बसून राहू दिलं नाही.

"गेअर काढलाय? हँडब्रेक वढलाय? आता बाहीर ये. दार लाव."

"आणि चालू कशी करू?"

"खिडकीतनं."

रोहिदास खिडकीतून आत झुकला. गाडी इतकी बुटकी, की त्याला जवळजवळ ओणवं व्हावं लागलं. शेजारच्या पंक्चरवाल्यानं हातातलं काम सोडून बघितलं.

"काय रे रोहिदास, गाडी चोरतोयस का तिला गुदगुल्या करतोयस?"

"गप ए!"

त्यानं चावी फिरवली.

इंजिन उठलं. एक क्षण छान चाललं. मग बसायला लागलं.

रोहिदासचा हात चावीवर आवळला. पाय बाहेर होता, मातीत. करण्यासारखं काही नव्हतंच. आवाज खाली उतरत गेला. आणखी खाली. आता एकेक ठोका वेगळा ऐकू यायला लागला, मोजता आला असता इतका. गाडी एकदा अंग झटकल्यासारखी हलली…

आणि थांबली.

पंक्चरवालाही गप्प झाला होता. झाडावर कुठंतरी बुलबुल बोलत होता, तो आता ऐकू आला.

"कशी गेली?" वस्तादांनी विचारलं.

"बंद पडली."

"ते पंक्चरवाल्यालाबी दिसलं. कशी गेली?"

"म्हणजे?"

"खोकून गेली, का बुडून गेली?"

रोहिदास बोलणार होता, पण थांबला. त्याला आठवून बघावं लागलं. आत्ताच, समोर झालेलं, तरी आठवावं लागलं. गाडी खोकली नव्हती. फटफट केलं नव्हतं. पेट्रोल कमी पडलं की इंजिन ठसकतं, मागं फटाके वाजवतं. तसलं काही झालं नव्हतं.

"खोकली नाही," तो सावकाश म्हणाला. "अशी… नाक दाबल्यासारखी गेली."

वस्तादांनी मान हलवली नाही की डोलावली नाही.

"परत एकदा ऐकू दे, वस्ताद."

"उद्या."

"अहो, पुरती वीस सेकंदंही चालली नाही!"

"उद्या."

त्या दिवशी रोहिदासनं दोन जीपचे ब्रेक केले, एका टेम्पोचं ऑइल बदललं. दुपारी डबा उघडला आणि भाकरीचा तुकडा हातात धरून बसून राहिला. इतके दिवस तो पेट्रोलच्या मागं लागला होता. इंजेक्टर, पंप, सगळं पेट्रोलचं. आणि रेस दिली म्हणजे तरी काय होतं? पेडल दाबलं की हवेचं झाकण उघडतं. गाडी हवा मागत होती, आणि तो रोज सकाळी पायानं तिला हवा पाजत होता. वर म्हणत होता, कळत नाही काय झालंय.

मग ती हवा थंडीत कुणी द्यायची असते?

तो डबा तसाच टाकून उठला.

इंजिनावर दोन रबरी नळ्यांच्या मध्ये मुठीएवढी एक डबी होती. आत एक पातळ पत्रा, त्याला भोक. इंजिन थंड असलं की भोक उघडं राहून जादा हवा आत जायची. इंजिन तापत गेलं की पत्रा सरकून भोक मिटायचं. ही डबी त्यानं पहिल्याच दिवशी तपासली होती. तिची नळी चिमटीत दाबली होती. इंजिनाच्या आवाजात काही फरक पडला नव्हता, म्हणून 'डबी चांगली' असं ठरवून पुढं गेला होता.

तपासली होती, पण अकरा वाजता. गरम गाडीवर. तेव्हा भोक मिटलेलंच असणार, नळी दाबली काय नि न दाबली काय.

तो कपाळाला हात लावून बॉनेटपाशी उभा राहिला. वस्ताद लांबून बघत होते की नव्हते, कळलं नाही.

*

शुक्रवारी उदबत्तीच्या आधीच तो बॉनेटपाशी उभा होता. शेड झाडलेली नव्हती.

"वस्ताद, तुम्ही चावी फिरवता का? मला नळी धरायची आहे."

वस्ताद कुरकुरत खिडकीत ओणवे झाले. "ह्या वयात मला हे करायला लावतोयस…"

इंजिन उठलं. रोहिदासनं नळी दाबली. सोडली. दाबली. थंडीतही काही फरक नाही. गाडी काल गेली तशीच गेली, आणि त्यानं तिला जाऊ दिलं.

मग त्यानं डबी काढली. दारात जाऊन एक डोळा मिटला आणि डबी उन्हाकडं धरली. थंडगार डबी. आरपार उजेड दिसायला हवा होता.

आत अंधार होता.

काळ्या चिकट्यानं पत्रा मिटल्या जागीच बसून राहिला होता. दिवसभर त्यानं डबी पेट्रोलमध्ये बुडवली, ब्रशनं घासली, हलक्या हातानं ठोकली, परत बुडवली. वस्तादांनी एकदाही विचारलं नाही. संध्याकाळच्या चहाच्या वेळेला उजेडाची एक कोर दिसली. मग अर्धं भोक. मग सगळं.

शनिवारी बॉनेटवर दव होतं. रोहिदासनं खिडकीतून चावी फिरवली आणि दोन पावलं मागं येऊन उभा राहिला.

इंजिन उठलं. आवाज खाली आला. गाडी थरथरली. रोहिदासचा उजवा पाय मातीत दाबला गेला, पण तो जागचा हलला नाही…

आवाज तळाशी गेला. तिथं अडखळला. आणि मग, कुणी काही न करता, आपला आपण वर चढला. जोरात चालला. पाच मिनिटांनी, डबी तापली तसा, सावकाश खाली येऊन एका लयीत लागला.

पंक्चरवाल्यानं शिट्टी घातली.

रोहिदासनं वस्तादांकडं बघितलं. वस्ताद चष्मा पुसत होते.

*

रविवारी पावणेसातला पेरीनबाई आल्या. गळ्यात मफलर, हातात बहिणीसाठी केकचा डबा.

"झाली का रे माझी गाडी? तो काय म्हणालेलास तू, कार्बोरेटर, तो बसवला?"

"नाही बाई. त्याची गरज नव्हती."

"मग बरोबर आहे ना? मी आपला पाय ठेवून चालवते, तू सांगितला तसा. होईल सवय मला."

वस्ताद दारात होते. आणखी दोन गिऱ्हाइकं उभी होती. एक कोल्हापूरचे, त्यांच्या गाडीचा सायलेन्सर लोंबत होता. दुसरा रोहिदासच्याच गावचा, सोमवारी मुहूर्ताला येणारा.

रोहिदास गाडीच्या दारापाशी आला.

"बाई, पाय ठेवायचा नाही."

"अरे बावा, आधी म्हणतोस ठेव, आता म्हणतोस ठेवू नको! मला उतारावर मारतोस काय?"

"मी तुम्हाला चुकीचं सांगितलं होतं."

गावच्या माणसानं चमकून बघितलं.

"मला कळलं नव्हतं, म्हणून तसं सांगितलं," रोहिदास म्हणाला. "तुम्हाला काही झालं असतं तर ते माझ्या माथी होतं. आता चालू करा, आणि पाय काढून घ्या. खाली गेल्यासारखी वाटंल. जाऊ द्या. ती वर येते."

पेरीनबाई आत बसल्या. दार लावलं. चावी फिरवली.

आवाज खाली गेला.

"दस्तगीर! ही बंद पडते बघ!"

"मला का विचारता, बाई," वस्ताद म्हणाले. "गाडी त्याची हाय."

आवाज वर आला.

बाई थोडा वेळ स्टिअरिंगवर हात ठेवून नुसत्या ऐकत राहिल्या. मग मफलर नीट केला, आणि रोहिदासकडं बघून पहिल्यांदा जरा हसल्या.

"अगदी नवी होती तेव्हा अशीच बोलायची सकाळी. मी विसरून गेलेली."

गाडी निघाली. शेडच्या मागं बांधावर उभं राहिलं की घाटाची पहिली तीन वळणं दिसतात. रोहिदास तिथं जाऊन उभा राहिला. वस्तादही आले, पण सावकाश, काठी टेकत.

पहिलं वळण. लाल गाडी दिसली, ब्रेकचे दिवे लागले, विझले.

दुसरं. समोरून एस.टी. आली. गाडी बाजूला थांबली. एस.टी. गेली. गाडी सरकली.

तिसरं… आणि मग नुसती झाडं.

रोहिदासच्या ओठांवर विचारायचं आलं होतं. बारा वर्षांचं होतं, आणि मुहूर्ताला एकच दिवस उरला होता. त्यानं वस्तादांकडं बघितलं. मग घाटाकडं बघितलं. विचारलं नाही.

खाली शेडमध्ये कोल्हापूरचं गिऱ्हाईक हाका मारत होतं.

"आलो!" रोहिदास म्हणाला, आणि निघाला.

"ए," वस्ताद मागनं म्हणाले. "उद्या वाईला माझी जीप घिऊन येतो तुझ्याकडं. सकाळी जरा कुरकुरती. तिथं पोचेस्तवर गरम झाल्याली असंल… रातभर तुझ्याकडंच ठिवावी लागंल. सवड हाय न्हवं तुला?"